१२९० : इंग्लंडच्या राजाने ज्यूंना का हाकललं? (जाणकारांनी लिहावं)

दप्तरदार

१८ जुलै १२९० ला इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने राज्यातल्या झाडून सगळ्या ज्यूंना देश सोडायला सांगितलं. मुदत १ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे सर्व संतांच्या सणापर्यंत. हुकूम निघाला तो १८ जुलै ज्यू पंचांगाप्रमाणे आव महिन्याची नवमी होता. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा उपास त्या दिवशी धरतात.

मला पडलेलं कोडं असं. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रान्समधल्या रूआँहून आलेले हे लोक कायद्याने थेट राजाचे होते. राजा हवा तेव्हा त्यांच्यावर 'टॅलेज' नावाचा कर बसवायचा आणि त्याला सरदारांना विचारावं लागायचं नाही. जॉन राजाने १२१० मध्ये ६६,००० मार्क मागितले, तिसऱ्या हेन्रीने १२४१-४२ मध्ये २०,०००. (मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स, पाउंडाचा दोन तृतीयांश.) एवढी दुभती गाय कुणी स्वतःहून दावणीची सोडतं का? नुसतं धर्मवेड हे उत्तर मला पटत नाही. धर्मवेड ११९० मध्येही होतं, तरी तेव्हाच्या राजाने ज्यूंना राखलं.

नाणेपारखी

गाय आटली होती. १२९० च्या आधीची पन्नास वर्षं बघा. हेन्रीने एका पिढीत इतका उपसा केला की मोठी घराणी बसली. टॅलेज भरायला ज्यू सावकार आपली येणी घाईने, पडत्या भावाने विकायचे. येणी गेली की पुढच्या वर्षी द्यायला काहीच उरायचं नाही. त्यात कर्ता माणूस गेला की मालमत्तेचा तिसरा हिस्सा राजाकडे जायचा. १२८७ मध्ये एडवर्डने पुन्हा २०,००० मार्कांची मागणी लावली खरी, पण देणारे हात आजोबांच्या काळातले राहिले नव्हते.

मोडीवाचक

दप्तरदार, तुमच्या 'राखलं' या शब्दाबद्दल थोडं सविस्तर.

मार्च ११९० मध्ये यॉर्कला जमावाने किल्ल्याच्या बुरुजात ज्यूंना कोंडलं. सुमारे दीडशे माणसं गेली, बऱ्याच जणांनी जमावाच्या हाती लागण्यापेक्षा स्वतःच जीव दिला. त्यानंतर जमाव गेला थेट यॉर्कच्या कॅथेड्रलमध्ये, कारण कर्जखतं तिथे ठेवलेली होती. ती काढून तिथेच फरशीवर जाळली. जमावाच्या पुढाऱ्यांत कर्जबाजारी जमीनदार होते, हे त्यावरून उघड होतं.

कर्जखत जळालं की राजाचंही नुकसान, कारण सावकाराच्या येण्यात राजाचा वाटा. म्हणून ११९४ मध्ये नियम झाला. ठरावीक गावांत एक सामाईक पेटी, तिला म्हणायचे 'आर्का'. दोन ज्यू, दोन ख्रिस्ती आणि दोन लेखनिक यांच्यासमोरच कर्ज द्यायचं. एकाच चामड्यावर तोच मजकूर दोनदा लिहायचा आणि मधोमध कापायचा. एक तुकडा, ऋणकोच्या शिक्क्यासह, ज्यू सावकाराकडे. दुसरा पेटीत. पेटीला तीन कुलपं : एक किल्ली ज्यूंकडे, एक ख्रिस्ती माणसांकडे, तिसरी राजाच्या लेखनिकाकडे. वर त्याची नक्कल एका गुंडाळीत उतरवायची. दर खताला ३ पेन्स फी, अर्धी धनकोने द्यायची, अर्धी ऋणकोने.

अशा खताला 'चिरोग्राफ' म्हणत. दोन मजकुरांच्या मधल्या जागेत मोठ्या अक्षरांत एक शब्द लिहायचा, बहुधा 'चिरोग्राफुम' हाच, आणि बरोबर त्या अक्षरांतून नागमोडी कापायचं. वाद झाला की दोन तुकडे शेजारी ठेवायचे. अक्षरांचे वरचे आणि खालचे भाग जुळले तर खत खरं.

सांजवात

म्हणजे दुय्यम निबंधकाची कचेरीच की! नक्कल, फी, साक्षीदार, सगळं आलं.

मोडीवाचक

सांजवात, हो, तीच कल्पना. फरक एवढाच की या कचेरीचा पहिला उपयोग राजाला. कुणाचं किती येणं आहे हे त्याला घरबसल्या कळायचं आणि टॅलेज त्या हिशेबाने बसायचा. शिवाय कर्ज फिटलं की ज्यूने फारकतीची पावती द्यायची, तिला 'स्टार' म्हणत. हिब्रू 'श्टार' वरून आलेला शब्द. या सगळ्यावर वेस्टमिन्स्टरला वेगळं खातं, ज्यूंचं एक्सचेकर. ज्यूला पळायचं म्हटलं तरी मालमत्ता पेटीत, किल्ली तिघांकडे. राखणं ते हे असं.

व्याजबट्टा

व्याजाचा दर सांगायला हवा. हेन्रीच्या काळात कमाल मर्यादा दर पाउंडाला आठवड्याला २ पेन्स. वर्षाचे १०४ पेन्स, पाउंडाचे २४०, म्हणजे सालिना ४३ टक्क्यांवर. आपल्याकडच्या दामदुपटीसारखी मुद्दलाएवढ्यावरच व्याज थांबायची सोय तिथे नव्हती. दर इतका चढा, कारण सावकाराचं भांडवल कधी कापलं जाईल याची शाश्वती नाही आणि ऋणकोंमध्ये असे उमराव की ज्यांच्याकडून वसुली करायला राजाचाच माणूस लागायचा. शिव्या मात्र सावकाराच्या वाट्याला.

तळटीप

कुणीतरी जमिनीच्या बाजूने लिहायला हवं, नाहीतर संसद यात का पडली ते कळणार नाही.

सरदार आणि मठ ज्यूंकडची कर्जखतं सवलतीत विकत घ्यायचे. त्यांना व्याजात रस नव्हता, गहाण जमिनीत होता. लहान नाइटने (सरदारांखालच्या जमीनदाराने) पैसे थकवले की खत घेणारा मोठा मासा जमीन गिळायचा. १२५८ मध्ये सरदारांनी राजापुढे जी तक्रारींची यादी ठेवली त्यात ही तक्रार आहे. सगळ्यात ठळक उदाहरण एडवर्डच्या राणीचं, एलेनॉर ऑफ कॅस्टिलचं. केंटमधला लीड्सचा किल्ला तिच्याकडे आला तो विल्यम ऑफ लेबोर्न ज्यूंचा कर्जदार झाल्यामुळे. कँटरबरीच्या आर्चबिशपने, पेकमने, तिला लिहून बजावलं होतं की लोक यावरून बोलतात, हे पाप आहे.

गावोगावच्या नाइटला समोर दिसायचा तो ज्यू. त्याच्यामागे उभी असलेली राणी दिसली तरी तिचं नाव घ्यायची सोय नव्हती.

कोकणकडा

सगळेच हिशेबाचं लिहिताहेत, मी असहमत. धर्म बाजूला काढलात तर अर्धा इतिहास जाईल.

११४४ मध्ये नॉर्विचला विल्यम नावाचा मुलगा मेला आणि ज्यूंनी ख्रिस्ती मुलाचा विधिपूर्वक खून केल्याचा आळ युरोपात पहिल्यांदा तिथून निघाला. १२५५ मध्ये लिंकनला ह्यू नावाच्या मुलावरून तोच आळ, आणि त्या वेळी राजा हेन्रीने जातीने लक्ष घालून १९ ज्यूंना मारलं. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने ज्यूंनी वेगळी खूण घालावी असं ठरवलं, इंग्लंडने ती १२१८ मध्ये लागू केली. १२७५ च्या कायद्यात तर मापही दिलं आहे : पिवळ्या नमद्याची, मोशेच्या दहा आज्ञांच्या दगडी पाट्यांच्या जोडीच्या आकाराची, ६ इंच लांब ३ इंच रुंद, सात वर्षांवरच्या प्रत्येकाने बाहेरच्या कपड्यावर लावायची. १२८६ मध्ये पोप चौथा होनोरियस याने इंग्लंडच्या आर्चबिशपांना पत्र लिहून ज्यूंशी मिळूनमिसळून वागण्याबद्दल खडसावलं. हे सगळं नसतं तर चार वर्षांनी संसदेत इतक्या सहज टाळी पडली नसती.

आणि दप्तरदार, 'गाय' हा शब्द नका वापरू. ती माणसं होती.

दप्तरदार

कोकणकडा, मान्य. शब्द चुकला, पुढे वापरणार नाही. १२७५ चा कायदा निघालाच आहे तर त्यावर कुणी लिहील का? व्याजबंदी त्याच कायद्यातली ना?

मोडीवाचक

हो. व्याज पूर्ण बंद. त्याऐवजी ज्यूंनी व्यापार करावा, मजुरी करावी, काही वर्षांच्या कराराने शेती कसावी. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाने ईस्टरला ३ पेन्स पट्टी द्यावी. कागदावर हे सुधारणेसारखं दिसतं. पण गिल्डमध्ये, म्हणजे व्यापारी-कारागिरांच्या संघात, प्रवेश नाही, शपथा ख्रिस्ती, जमीन कायमची विकत घ्यायला बंदी. मग करायचं काय?

यानंतरच्या खतांत पैशांऐवजी धान्य आणि लोकर येऊ लागते. 'अमुक इतक्या पोती लोकरीसाठी आगाऊ रक्कम', असं. यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, ज्यू खरोखरच लोकर-धान्याच्या व्यापारात शिरले होते आणि ते साधत आलं होतं. दुसरा म्हणतो, हे जुनंच व्याज, आगाऊ रकमेच्या आणि मालाच्या किमतीतल्या फरकात लपवलेलं.

व्याजबट्टा

मला दुसरा तट जास्त पटतो, निदान काही गावांपुरता. माल कधी, कुठे, कुठल्या प्रतीचा पोचवायचा हे खरा व्यापारी नक्की लिहून घेतो. ज्या खतात तसं काही नाही, नुसता आकडा, तिथे शंका येणारच.

मोडीवाचक

मी पहिल्या तटाकडे झुकतो. लोकर म्हणजे तेव्हाचं इंग्लंडचं सोनं, इटालियन कंपन्या मठांना अशाच आगाऊ रकमा देत होत्या आणि त्याला कुणी व्याज म्हणत नव्हतं. तोच व्यवहार ज्यूने केला तर लबाडी, हे मला मान्य नाही.

नाणेपारखी

१२७८ राहूनच गेलं. नोव्हेंबरमध्ये एकाच वेळी देशभर ज्यूंच्या घरांवर धाडी पडल्या. आरोप, नाणी कातरल्याचा. सुमारे ६८० जण लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे राजाच्या किल्ल्यात, डांबले. इतिवृत्तांप्रमाणे लंडनमध्ये २६९ ज्यू फासावर गेले आणि २९ ख्रिस्ती.

कातरणं म्हणजे काय ते सांगतो. चांदीची पेनी, वजन दीड ग्रॅमच्या आत. कडेचा बारीक कीस कात्रीने काढायचा, नाणं पूर्ण किमतीत चालवायचं, कीस वितळवून विकायचा. याला आळा म्हणून १२४७ मध्येच नाण्यावरच्या क्रुसाचे हात थेट कडेपर्यंत नेले होते. चारही टोकं दिसली नाहीत तर नाणं कातरलेलं. पण अर्धी पेनी हवी असेल तर लोक कायदेशीरपणे त्याच क्रुसावरून नाणं तोडून दोन तुकडे करायचे. मग तुकड्याची कड मूळची की कातरलेली, हे ओळखणार कसं? १२७९ च्या नव्या नाण्यांत एडवर्डने गोल अर्धी आणि पाव पेनी पाडली, तेव्हा तो घोळ मिटला.

कातरणारे दोन्ही धर्मांत होते. फासाच्या आकड्यातली तफावत बघा.

सांजवात

२६९ विरुद्ध २९. वाचून सुन्न व्हायला होतं.

तळटीप

आता मूळ प्रश्नाकडे. १२९० मध्ये नेमकं काय झालं ते तारखांच्या ओळीने लावलं की उत्तर बरंचसं दिसतं.

एडवर्ड तीन वर्षं गॅस्कनीत, म्हणजे नैऋत्य फ्रान्समधल्या आपल्या मुलखात होता, १२८९ च्या ऑगस्टमध्ये परतला तो गळ्यापर्यंत कर्जात. गॅस्कनीतल्या ज्यूंना त्याने १२८७ मध्येच घालवून येणी जप्त केली होती, म्हणजे रंगीत तालीम झालेली. डिसेंबर १२८९ मध्ये त्याचा नातलग चार्ल्स, नेपल्सचा राजा, याने आपल्या आंजू आणि मेन परगण्यांतून ज्यूंना काढलं. बुडालेल्या उत्पन्नाबद्दल प्रजेकडून दर चुलीमागे ३ सू आणि दर मजुरामागे ६ दनिए असा कर घेतला. याच चार्ल्सला कैदेतून सोडवायला एडवर्डने मध्यस्थी केली होती. हा सौदा एडवर्डला माहीत नसणं अशक्य.

मग इंग्लंड. १८ जून १२९० : शेरीफांना (परगण्यांतल्या राजाच्या अधिकाऱ्यांना) गुप्त हुकूम, सगळ्या आर्का सील करा. १५ जुलै : परगण्यांतले नाइट वेस्टमिन्स्टरला बोलावलेले. १८ जुलै : हकालपट्टी. त्याच सुमारास संसदेकडून जंगम मालमत्तेच्या पंधराव्या हिश्शाचा कर मंजूर. त्यातून आकारणी झाली सुमारे १,१६,००० पाउंडांची. शेजारी १२८७ चा टॅलेज ठेवा, २०,००० मार्क म्हणजे १३,३३३ पाउंड, तोही मागितलेला. एका सहीत नऊपट.

पेट्या महिनाभर आधी सील झाल्या, म्हणजे नाइट यायच्या आत राजाचं मन झालेलं होतं. संसदेने राजाला भाग पाडलं असं जे म्हणतात ते मला म्हणून अपुरं वाटतं. राजा विकायला बसला होता, गिऱ्हाईक कोण हेही त्याला ठाऊक होतं.

कोकणकडा

तळटीप, तारखा पटल्या. पण हा माल गिऱ्हाइकाला हवा का होता, याचं उत्तर माझ्या वरच्या प्रतिसादात आहे. दोन्ही एकत्र वाचा.

तळटीप

त्यावर वाद नाही.

पिंपळपान

प्रत्यक्ष बाहेर पडले कसे? बरोबर काय नेता आलं?

दप्तरदार

रोकड आणि जंगम वस्तू नेता आल्या. त्याआधी गहाण पडलेल्या वस्तू ज्याच्या त्याला सोडवू द्यायच्या. घरं, जमिनी आणि सगळी येणी राजाकडे. कुणी त्रास देऊ नये अशी दवंडी शेरीफांना पिटायला सांगितली, सिंक पोर्ट्स या दक्षिणेकडच्या बंदर-संघाच्या अधिकाऱ्यांना सुरक्षित आणि माफक दरात पलीकडे पोचवण्याचा हुकूम होता. मोजक्यांना खास परवाने मिळाले, उदाहरणार्थ व्हाइव्हजचा मुलगा आरोन याला आपली घरं ख्रिस्ती गिऱ्हाइकांना विकू दिली.

धर्म बदलून राहायचा पर्याय होता. लंडनमध्ये १२३२ पासून 'धर्मांतरितांचं घर' होतं. तिथे पुरुषाला आठवड्याला साडेदहा पेन्स आणि बाईला आठ पेन्स नेमणूक. तरी बहुतेकांनी देशच सोडला.

नाणेपारखी

किती जण गेले यावर जुनी इतिवृत्तं १५-१६ हजार सांगतात. आजचे बहुतेक अभ्यासक २ ते ३ हजारांवर आले आहेत. मी खालच्या आकड्याच्या बाजूने, आणि त्याचं कारण एक साधा हिशेब आहे.

टॉवरच्या किल्लेदाराने लंडनहून जाणाऱ्या ज्यूंकडून माणशी पट्टी घेतली. १,३३५ जणांकडून ४ पेन्सप्रमाणे, १२६ गरिबांकडून २ पेन्सप्रमाणे. १,३३५ गुणिले ४ म्हणजे ५,३४० पेन्स. १२६ गुणिले २ म्हणजे २५२. बेरीज ५,५९२ पेन्स, म्हणजे २३ पाउंड ६ शिलिंग. माणसं १,४६१. लंडन ही सगळ्यात मोठी वस्ती. तिथून दीड हजार, तर देशभरातून सोळा हजार कुठून येतील?

पिंपळपान

हा हिशेब वाचून वेगळंच वाटलं. घर गेलं, येणं गेलं, आणि जाताना दारात ४ पेन्स.

मोडीवाचक

समुद्रावरची एक गोष्ट इतिवृत्तांत येते. टेम्सच्या मुखाशी, क्वीनबरोजवळ, एका जहाजाच्या कप्तानाने ओहोटीला जहाज वाळूवर लागू दिलं आणि ज्यू प्रवाशांना पाय मोकळे करायला खाली उतरवलं. भरती चढू लागली तसा स्वतः दोर धरून वर गेला आणि त्यांना म्हणाला, मोशेला हाक मारा, त्याने तुमच्या पूर्वजांना समुद्रातून नेलं होतं. सगळे बुडाले, सामान खलाशांनी वाटून घेतलं. पुढे त्यांना पकडून शिक्षा झाली असंही इतिवृत्तं सांगतात.

जे पोचले त्यांतले बरेच फ्रान्समध्ये गेले. पॅरिसच्या १२९० च्या दशकातल्या करनोंदींत नावापुढे 'इंग्लिश' लावलेले ज्यू दिसतात. आणि १३०६ मध्ये फ्रान्सच्या चौथ्या फिलिपने त्यांनाही घालवलं.

सांजवात

थोडं अवांतर. गोव्याचा गार्सिया द ओर्ता याच मालिकेतला का?

कोकणकडा

मालिका तीच, राज्य वेगळं. त्याचे आईवडील १४९२ मध्ये स्पेनमधून निघून पोर्तुगालला आलेले, १४९७ मध्ये तिथे सक्तीचं धर्मांतर झालं. तो १५३४ मध्ये गोव्यात उतरला, पुढे मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं, आणि औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जाळलं, १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. इंग्लंडहून निघालेल्यांचा भारताशी असा धागा नाही. हवा तर वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन.

व्याजबट्टा

जप्त केलेल्या येण्यांचं राजाने काय केलं? ती व्याजासकट वसूल केली असतील तर व्याजबंदीला अर्थच राहत नाही.

दप्तरदार

व्याजबट्टा, नेमकं याच मुद्द्यावर राजाचं एक पत्र आहे. ५ नोव्हेंबर १२९० चं, म्हणजे मुदत संपून चार दिवस झालेले. एक्सचेकरच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. १८ जुलैच्या मूळ हुकमाचा मजकूर आज उपलब्ध नाही, त्यामुळे हकालपट्टीचं राजाच्या तोंडचं कारण याच पत्रात वाचायला मिळतं.

त्यात म्हटलंय की १२७५ मध्ये आम्ही व्याज बंद केलं, पण ज्यूंनी दुष्टपणे नव्या तऱ्हेचं, आधीपेक्षा वाईट व्याज शोधून काढलं आणि त्याला 'कुरिआलितास' असं नाव दिलं. लॅटिन शब्द, अर्थ सौजन्य. कर्ज घेणाऱ्याने सौजन्य म्हणून चार पैसे जास्त द्यायचे, असं. म्हणून त्यांना घालवलं. आणि आम्हाला त्यांच्यासारखं व्हायचं नाही, सबब ऋणकोंकडून फक्त मुद्दल घ्यावं, तेही त्यांना झेपेल अशा हप्त्यांनी.

पत्रात पंधराव्या हिश्शाच्या कराचा उल्लेखही नाही.

तळटीप

मुद्दलाचा आकडा देतो. पेट्यांतल्या खतांच्या याद्या झाल्या, त्यांची बेरीज ९,००० पाउंडांच्या आसपास. त्यात रोख, धान्य, लोकर तिन्ही. घरं विकायचं काम ह्यू ऑफ केंडल या अधिकाऱ्याकडे होतं, त्यातून १,८०० पाउंडांच्या घरात आले. म्हणजे घरं आणि येणी मिळून ११,००० च्या आत, आणि करातून १,१६,०००.

पिंपळपान

त्यातलं एखादं घर आज उभं आहे का?

मोडीवाचक

लिंकनला, स्टीप हिलच्या चढावर. बाराव्या शतकातलं दगडी घर, आजही 'ज्यूज हाउस' म्हणूनच ओळखतात. दाराची कोरीव कमान बाराव्या शतकातली, आणि त्या कमानीच्या डोक्यावरूनच वरच्या मजल्याच्या चुलीचं धुराडं वर गेलेलं आहे.